खोटा गुडाखू

तोंडात बोट घालून बोलता येणे ही एक विद्या आहे आणि ती मला लहानपणीच पूर्ण अवगत झाली होती. आसगावच्या आमच्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीवर सकाळी आम्ही तिघी बसायचो. मी, सेवंता आणि तारी. तिघींच्या डाव्या हातात टिनाची चपटी डबी, उजव्या हाताचे बोट गुडाखूत बुडवून दातांवर फिरत असलेले, हनुवटी वर, ओठ पुढे, आणि लाळेचा एक थेंब सांडू न देता बोलणे अखंड चालू. बाहेरच्या माणसाला त्यातले अक्षर कळले नसते. आम्हाला सगळे कळायचे. कोणाकडे पाहुणे येऊन गेले, कोणाच्या सासूने सुनेच्या ताटातला भात मोजला, कोणता पोट्टा बांधावरून जाताना मान वळवून वळवून शेवटी धानाच्या बांधीतल्या चिखलात पडला, हे सारे गावाला कळायच्या आधी आमच्या तोंडून फेसासकट बोडीच्या पाण्यात पडलेले असायचे.

गुडाखू म्हणजे तंबाखू, गूळ, गेरू आणि चुना घोटून केलेला तपकिरी काला. बाया तो दातांना लावत. नातीला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे आजी, तू टूथपेस्ट समजून तंबाखू लावायचीस?" मी म्हटले, नाही बाई, तंबाखू समजूनच लावायची. एवढ्या भोळ्या आम्ही नव्हतो. दाढ दुखली म्हणून आत्याने पहिल्यांदा बोटभर लावून दिला होता. डोके गरगरले, मी ओसरीवर आडवी झाले, आणि घरातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दाढ बरी झाली, बोट काही थांबले नाही. गुडाखू नसेल तर सकाळ उजाडल्यासारखी वाटत नसे, आणि खरे सांगायचे तर पोटही साफ होत नसे. आता या वयात लाजून काय करू?

पण नुसत्या तंबाखूसाठी कोणी पाळीवर तासभर बसत नाही. घरी उभ्या उभ्या लावूनही भागले असते. सेवंता पहाटेच कुंपणाशी येऊन हाक मारायची, "कमेऽ, येतं का नाई?" त्या हाकेसाठी मी आधीच घागर घेऊन दाराआड उभी असायचे, पण लगेच ओ द्यायची नाही. मान ठेवावा लागतो. सेवंता उंच, सावळी, फार न बोलणारी. रागावली की तिचे कान आधी लाल होत. तारी बुटकी आणि तोंडाची फाटकी, हसायला लागली की तिच्या तोंडातला गुडाखू समोरच्याच्या लुगड्यावर. तिघी एकाच साली शाळेत गेलो आणि एकाच साली शाळेतून निघालो. रोवणीला एकाच ओळीत वाकलो, धान कापायला एकाच बांधीत उतरलो. आमच्यात वेगळे असे काही नव्हते. मला तर वाटायचे, आमची डबीसुद्धा एकच आहे, फक्त तीन झाकणांची.

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो ढेकीचा. आई एका पायाने ढेकी दाबून धान कांडायची आणि मधून मधून थांबून तोंडातला गुडाखू अंगणाच्या कडेला थुंकायची. धप्प, धप्प, थू, धप्प. मला झोपेतही तो ताल ओळखू यायचा. मग चुलीवर लाखोळीची डाळ रटरटायची, कधी सुकटीचा वास घरभर पसरायचा, आणि बाबा तव्यावर भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा पाट्यावरून थेट बोटाने उचलून खायचे. आईला ठेचा बाबांपेक्षा जास्त लागे. भातात ठेचा नव्हे, ठेच्यात भात, असे तिचे जेवण.

त्या हिवाळ्यात आईने ठेचा ताटातून बाजूला सारायला सुरुवात केली. आधी म्हणाली मिरची यंदा जहाल निघाली. मग म्हणाली भूक नाही. मग ती भाताची पेज करून, गार करून, एका गालाने पिऊ लागली. एके दिवशी मी तिला म्हटले, "माय वो, आ कर बरं." तिने आधी नाही म्हटले, मग उजेडाकडे तोंड करून उघडले. गालाच्या आत, जिथे ती गुडाखू ठेवायची तिथेच, दुधाची साय चिकटावी तसा पांढरा डाग होता. मी पाहिले, तिने माझे तोंड पाहिले, आणि पटकन आपले मिटून घेतले.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले. गुडाखू आजपासून बंद, म्हणाले. डाग गेला तर ठीक, नाही गेला तर नागपूरला जाऊन तुकडा काढून तपासावा लागेल. परतताना एस.टी.त आई खिडकीबाहेर बघत बसली होती. पवनीच्या अलीकडे ती माझ्याकडे न वळता म्हणाली, "पोरी, मी झगा घालत होती तवापासून लावतो. एकटीच्यानं सुटणार नाई. तुह्या तोंडाचा वास आला का माह्या तोंडाले पानी सुटते. तू सोडशीन तं मी सोडीन. तू लावशीन तं मी बी लावीन, मंग मले बोलायचं नाई."

हा करार झाला. दिवेलागणीला ओसरीवर आई मला समोर उभी करायची, मी "हाऽ" करायची, ती वास घ्यायची. मग ती "हाऽ" करायची आणि मी वास घ्यायची. बाबा म्हणाले, "मांजरीवानी काय हुंगून राहिल्या एकमेकींले?" आई म्हणाली, "तुमी तुमची बिडी विझवा आधी, वास समजत नाई." त्यानंतर बाबा बिडी प्यायला गोठ्याकडे जाऊ लागले. तेवढाच त्यांचा वाटा.

सोडणे म्हणजे काय, ते विचारू नका. डोके असे ठणकायचे की ढेकीचा प्रत्येक धप्पा कपाळावर पडल्यासारखा वाटे. मी एका खापरीवर चिडून ती फोडली. आई माझ्यावर चिडली, मी आईवर चिडले, दोघी मिळून बाबांवर चिडलो. पोटाचे तर मी सांगतच नाही. आई आणि मी परसाकडून हात हलवत परत यायचो आणि एकमेकींकडे बघून हसायचो, रडू यायच्या आधीचे हसू.

आता वाचणारा म्हणेल, यात लपवायचे काय? मैत्रिणींना सांगायचे, आईचे असे असे झाले, मी सोडला. पण माझ्या अकलेचे तेज तेव्हा वेगळेच होते. आमच्याच आळीतली पुष्पी काही महिने नागपूरला बहिणीकडे राहून आली होती. आली तीच ब्रश घेऊन. पाळीवर उभी राहून पांढरा फेस काढायची आणि आम्हाला सांगायची की गुडाखूने दात किडतात. तिला "मेमसाब" हे नाव मी ठेवले होते. नुसते ठेवले नाही, रोवणीत त्यावर गाणे रचले होते, आणि बाया चिखलात बसून हसल्या होत्या. पुष्पी मग बोडीवर यायची बंद झाली, विहिरीवर जाऊ लागली. त्या गाण्यात पुष्पीच्या जागी कमला बसवली तर ताल अजिबात बिघडत नव्हता. ते मला पुरते ठाऊक होते, ताल मीच बसवला होता ना!

म्हणून मी एक युक्ती काढली. आजही ती आठवली की मी एकटीच हसते आणि सून विचारते, काय झाले आई? धानाच्या कोंड्याची राख घेतली, भिंतीला लावायचा गेरू घेतला, गुळाचा घट्ट पाक घेतला, आणि परसात बसून पाट्यावर घोटून खोटा गुडाखू केला. रंग तोच, चकाकी तीच. डबीत भरला तेव्हा मला वाटले, एवढी हुशार पोरगी भंडारा जिल्ह्यात दुसरी नसेल.

मग सुरू झाले माझे नाटक. खरे लावणारी बाई गुडाखूबद्दल बोलत नाही, नुसती लावते. मी मात्र रोज काहीतरी बोलायची. "आजचा माल कडक हाये गे." "अगाई, डोकंच फिरलं." पूर्वी मी थुंकायची तेव्हा कोणाला कळत नसे, आता अशी थुंकायची की पाणकोंबड्या उडत. एकदा तर चक्कर आल्याचे सोंग करून मी तारीच्या खांद्यावर मान टाकली. तारी म्हणाली, "येवडी वर्सं लावून आज काहून चक्कर आली तुले?" मी म्हटले, "नवीन दुकानाचा हाये." सेवंता माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे बोट तोंडातच थांबले.

मोह गळायचे दिवस आले. सकाळी सकाळी सारा शिवार गोड वासाने भरलेला, मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन बायापोरे, आणि मुंग्यांना तर सण. त्या दिवशी मी डबी दगडावर उघडी ठेवून तोंड धुवायला खाली उतरले होते. वर आले तर तारी डबीपाशी उकिडवी बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, जशी काही साप पाहत आहे. दगडाच्या फटीतून निघालेली मुंग्यांची ओळ सरळ माझ्या डबीत शिरली होती आणि दुसऱ्या बाजूने तोंडात काहीबाही घेऊन बाहेर पडत होती. तारीची आणि सेवंताची डबी बाजूलाच उघडी होती. तिकडे एक मुंगी फिरकत नव्हती.

"कमे," तारी म्हणाली, "मोहाले मुंग्या लागतेत. गुडाखूले कवापासून लागाले लागल्या?"

मी म्हटले, "गूळ जास्त पडला असन." आणि डबी उचलायला गेले. तारीने माझ्या आधी बोट घातले, मुंगी झटकली, आणि बोट जिभेला लावले. तिचे डोळे मोठे झाले. "सेवंते, गोड हाये गे! याचा चहा होते!" ती इतकी हसली की पाळीवरून घसरून अर्धी पाण्यात गेली. "कमी रोज गूळ चाटून राहिली अना चक्कर येऊन राहिली! गुळानं चक्कर!"

सेवंता हसली नाही. "काहून?" एवढेच म्हणाली.

मग मी सांगितले. आईचा डाग, डॉक्टर, करार, सगळे. बोलताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की तोंडात बोट नसताना त्यांच्याशी कसे बोलायचे हे मला येतच नाही. हातांचे काय करावे कळेना. तारी पाण्यातून वर आली आणि ओल्या लुगड्याने माझ्या शेजारी बसली. "मावशीले असं झालं अना आमाले मालूम नाई?" ती म्हणाली. सेवंताचे कान लाल झाले होते.

"तू पुष्पीले मेमसाब म्हटलं," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं का?"

"नाई."

"मंग माह्यापासून काहून लपवलं? मी लावतो म्हणून तू माही मैतरीन होय का? नाई लावलं तं मी तुले वळखणार नाई, असं वाटलं तुले?" तिने आपली घागर भरली, डोक्यावर घेतली आणि एकदाही मागे न बघता निघून गेली. तारी माझ्याकडे बघून म्हणाली, "गूळ चांगला हाये पन." त्यावर आम्ही दोघीही हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी हाक आली नाही. मी घागर घेऊन दाराआड उभी राहिले, उभीच राहिले. ढेकी दाबत आई म्हणाली, "आज आपल्याच पायानं जा." मी गेले. दोघी बसल्या होत्या. मी बसले. तारीने करंजाची काडी माझ्या हातात दिली, "घे, हात तरी गुंतवून ठेव." मी काडी चावली. कडू जहर. तोंड वाकडे झाले ते पाहून सेवंताच्या नाकातून एक आवाज निघाला. तिने तो दाबला, पण मी ऐकला. मग हळूहळू त्या तोंडातल्या बोटाने बोलू लागल्या, मी काडीने बोलू लागले, आणि कोणाची म्हैस कोणाच्या वाडीत शिरली ते आमचे पुन्हा सुरू झाले. कुंपणाशी मात्र हाक यायची नाही, ती नाहीच.

आईचा डाग गेला नाही. वैशाखात बाबा तिला घेऊन पहिल्या गाडीने नागपूरला निघाले. तुकडा काढायचा होता, दोन-तीन दिवस लागणार होते. आईने जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. अंगणात ढेकी उभी होती आणि तिच्यावर पाय ठेवायला कोणी नव्हते. त्या शांततेत मला घरात राहवेना. मी घागर न घेताच बोडीवर गेले.

सेवंता आणि तारी नुकत्याच येऊन बसत होत्या. तारीने डबी उघडली आणि तो वास आला. एवढे महिने मी त्या वासात रोज बसत होते, पण त्या दिवशी तो थेट माझ्या छातीत उतरला. मी हात पुढे केला. "दे गे. एक बोट."

तारीचा हात अर्धा पुढे आला आणि थांबला. ती सेवंताकडे पाहू लागली.

"दे म्हटलं ना! माही माय तिकडं टेबलावर पडली असन, तिचा गाल कापून राहिले असतीन, अना मी इथं काडी चावू?" मी ओरडत होते, आणि माझे मलाच ते ऐकू येत होते. "आज घरी कोनी नाई. आज कोन वास घेनार हाये माहा?"

सेवंताने तारीच्या हातातली डबी घेतली, झाकण लावले, आपली काढली, तिचेही झाकण लावले, आणि दोन्ही आपल्या कमरेला खोचल्या. "मी घेईन," ती म्हणाली. "दिवे लागल्यावर येतो. तयार राह्य."

मला तिचा इतका राग आला की मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, नातसुना वाचतील. ती ऐकत उभी राहिली. माझे संपल्यावर म्हणाली, "झालं? घागर काहून नाई आनली? पानी कोन भरन तुह्या घरी?" आणि आपली भरलेली घागर उचलून माझ्या घराच्या दिशेने चालू लागली.

दिवेलागणीला ती खरोखर आली. ओसरीवर माझ्यासमोर उभी राहिली आणि आईसारखीच म्हणाली, "कर." मला हसू येत होते आणि रागही गेला नव्हता. मी "हाऽ" केले. तिने डोळे मिटून वास घेतला, अगदी मनापासून, भात शिजला की नाही हे पाहावे तसा. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले. "तुले काय समजते? तू खुद लावतं. लावणारीले दुसरीचा वास येते का?"

"म्हनूनच नाई लावला," ती म्हणाली. "सकाळपासून नाई लावला." मी चिमणी वर धरून तिच्याकडे पाहिले. तिचे डोळे तांबारले होते, कपाळावर तिने पदराची पट्टी घट्ट बांधली होती आणि खालचा ओठ एकसारखा हलत होता. माझ्या पहिल्या दिवसांत मीही अशीच दिसत असेन. "डोकं लय दुखून राहिलं गे," ती म्हणाली आणि ओसरीवर बसली. मी तिचे डोके मांडीवर घेऊन तेल चोळले. आई येईपर्यंत ती रोज आली, रोज तशीच, कपाळाला पट्टी बांधून.

आई परत आली तेव्हा तिच्या गालात टाके होते, तोंड उघडता येत नव्हते. सेवंता आणि तारी दारातच होत्या. आईने मला आधी पाहिले, मग माझ्यावरून नजर काढून सेवंताकडे नेली आणि भुवया वर केल्या. कशाबद्दल विचारते आहे ते कोणाला सांगावे लागले नाही.

"नाई लावला मावशी," सेवंता म्हणाली. "एकबी दिवस नाई." मी हात पसरला होता, ओरडले होते, हे तिने सांगितले नाही. तारी सांगणार होती, तिचा पाय सेवंताने दाबला. आई हसायला गेली आणि टाके ओढून कळवळली, आणि मग डोळ्यांनीच हसली.

तपासणीत वाईट काही निघाले नाही. तेव्हा आम्हाला ते पूर्ण कळलेही नाही, बाबा एवढेच म्हणाले, "बचली." आई त्यानंतर पुष्कळ जगली, ठेच्यात भात कालवून खाण्याइतकी. माझे लग्न होऊन मी तुमसरकडे गेल्यावर तिने कधी चोरून बोटभर लावला असेल का, हे मला सांगता येणार नाही. तिचा वास घ्यायला तिथे मी नव्हते. पण बाबा होते, आणि तोवर ते बिडी सोडून बसले होते, त्यामुळे त्यांचे नाक फार तिखट झाले होते.

तारी आता नाही. सेवंता आहे. तिचे पुढचे दात गेले, गुडाखू गेला नाही. माझेही दात आता रात्री वाटीत झोपतात, तेव्हा मी फार शहाणपणा सांगावा असेही नाही. तरी आई गेल्यानंतर एकदा मी तिला म्हटलेच, "सेवंते, आता तू बी सोड गे." ती म्हणाली, "सांगाले माह्या घरी दोन सुना हायेत, डॉक्टर हाये, टीवी हाये. तू नोको सांगू. तू बस." म्हणून मी माहेरी गेले की बसते. पाळीला आता सिमेंटच्या पायऱ्या झाल्या आहेत, बसायला गार लागतात. सेवंता कमरेची डबी काढते, पण झाकण उघडायच्या आधी मान वर करून पाण्याकाठच्या बेशरमाच्या झुडपांकडे पाहते, पाने कोणीकडे हलतात ते. मग गुडघ्यावर हात टेकून, "अगाई गे" करत उठते, आणि वास माझ्याकडे येणार नाही अशा बाजूला जाऊन बसते. आम्ही बोलत राहतो. वारा फिरला की ती पुन्हा उठते.